गोष्ट संपली की तात्पर्य विचारायलाच हवं का?

खानदेशातल्या एका छात्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. डी.एल.एड. या शिक्षक-पदविकेचं दुसरं वर्ष चालू आहे आणि आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, ती जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत जाते. पहिली-दुसरी एकत्र बसते, पट सत्तावीस, बहुतेक घरांत अहिराणी. तिला स्वतःला वाचनाचं वेड आहे आणि शिक्षिका झाल्यावर बालसाहित्य वर्गात आणायचंच, हे तिने कधीचं मनात धरलेलं. सराव पाठासाठी तिने हरवलेल्या बकरीची एक चित्रकथा निवडली. टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, काढलं, शब्दपट्ट्या केल्या, पुठ्ठ्याची बकरी कापून, रंगवून नेली. वाचन चालू असताना एक मुलगा उठून उभा राहिला, "मॅडम, मनी बकरी बी अशीच शे!" मागे मार्गदर्शक बसलेले, तास संपत आलेला. "नंतर सांग हं," म्हणत तिने त्याला बसवलं. शेवटी टाचणात लिहिल्याप्रमाणे विचारलं, "या गोष्टीतून आपण काय शिकलो?" वर्गाने एका सुरात सांगितलं, "नेहमी खरे बोलावे!" गोष्टीत खोटं कुणी बोललेलंच नव्हतं. मार्गदर्शकांचा शेरा: साधनांचा वापर चांगला, उद्दिष्ट साध्य.

वर्गशिक्षकांचं म्हणणं असं की गोष्टी छानच असतात, पण आधी पोरांना वाचता येऊ दे. पुस्तक पुरं करायचंय, सरकारच्या निपुण अभियानाचं बघायचंय. पत्रलेखिकेचे प्रश्न: पाठ्यपुस्तकाचा वेळ कापून बालसाहित्य वाचावं का? आजी वारते अशी एक गोष्ट तिला फार आवडते, ती इतक्या लहान मुलांपुढे वाचावी का? आणि शाळेतलं पुस्तकांचं कपाट कुलपात असतं, तर स्वतःच्या शिष्यवृत्तीतून पुस्तकं घ्यावीत का? "ताई, माझं चुकलं कुठे, तेच कळत नाही," असं ती शेवटी लिहिते.

*

'नेहमी खरे बोलावे' वाचून मी मोठ्याने हसले. तुला त्या क्षणी हसू आलं नसणार, हे कळतंय. पण जरा मुलांच्या बाजूने बघ. त्यांनी प्रश्नाला अगदी बरोबर उत्तर दिलं. 'काय शिकलो' असं मॅडमनी विचारलं की द्यायची चार-पाच उत्तरं पहिलीच्या सहामाहीपर्यंत पाठ झालेली असतात. खरे बोलावे, मोठ्यांचे ऐकावे, एकीने राहावे, आळस करू नये. त्यातलं एक फेकायचं. नाही लागलं तर दुसरं. गोष्ट ऐकलेली असायची गरजच नसते. आणि त्यांनी म्हटलं 'बोलावे', 'बोलायचं' नव्हे. पाच मिनिटांपूर्वी ज्या वर्गात एक पोरगा अहिराणीत ओरडला होता, तोच वर्ग एकदम छापील मराठीत बोलायला लागला. गोष्ट संपली, आता धडा सुरू झाला, हे मुलांना तुझ्याआधी समजलं.

हे वळण तुझ्यापासून सुरू झालेलं नाही. मराठीत मुलांसाठी छापलेलं साहित्य आलं तेच मुळी वळण लावायला. सदाशिव काशिनाथ छत्र्यांचं 'बाळमित्र' १८२८ सालचं. मूळ फ्रेंच पुस्तक, ते इंग्रजीतून मराठीत आलं. मुलांनी सद्गुणी व्हावं, हा त्याचा उघड हेतू. इसापच्या नीतिकथा त्याच सुमारास आल्या. मुलांच्या हातात गोष्टीचं पुस्तक द्यायला तेव्हाच्या पालकांना काहीतरी कारण लागत असणार आणि 'यातून बोध होतो' यापेक्षा पटणारं कारण कुठलं? त्यानंतर फार काही घडलं. विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' हा बालकवितांचा संग्रह १९६३ साली आला. त्यातल्या उलटसुलट गमतींमधून काय शिकायचं, हे कुणी सांगून दाखवावं! त्यालाही साठ वर्षं उलटून गेली. टाचणवही मात्र अजून १८२८ मध्येच आहे.

तेव्हा 'माझं चुकलं कुठे' हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. मला तुझ्या पत्रात एक गृहीतक दिसतं आणि ते तुझ्या मार्गदर्शकांच्या, वर्गशिक्षकांच्या आणि तुझ्याही बोलण्यात सारखंच आहे. ते असं की गोष्टीने वर्गातली आपली जागा कमवायला हवी. तू त्या बकरीकडून तीन कामं करून घेतलीस: नवे शब्द, मूल्यशिक्षण आणि शैक्षणिक साधनांचे गुण. वर्गशिक्षक म्हणतात ती कामं पाठ्यपुस्तकाने होतात, मग बकरी कशाला? त्यांचा मुद्दा त्या हिशोबात बिनतोड आहे. गोष्टीला धड्याचं काम दिलं की धडा जिंकतो, कारण त्याला स्वाध्याय जोडलेले असतात आणि परीक्षाही त्याच्यावरच असते.

मुलं गोष्टीतून शिकत नाहीत, असं मला म्हणायचं नाही. लांब वाक्य कान देऊन ऐकणं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, आधीचं लक्षात ठेवून नंतरच्याला जोडणं, चित्रात आहे पण मजकुरात नाही ते हेरणं, हे सगळं चालू असतं. ते पस्तीस मिनिटांच्या तासाच्या शेवटी हात वर करून सांगता येत नाही, एवढंच. दोन महिन्यांनी एखादी मुलगी भांडताना गोष्टीतलं वाक्य जसंच्या तसं वापरते, तेव्हा कळतं. मार्गदर्शकांचीही अडचण समजून घे. त्यांच्या हातात निरीक्षणाचा तक्ता असतो, त्यात रकाने असतात, आणि पाठ संपला की ते भरायचे असतात.

आता वर्गशिक्षकांचं 'आधी वाचता येऊ दे'. त्यांना रुक्ष ठरवू नकोस. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, मूलभूत गणित यावं, असं लक्ष्य आहे. त्याची विचारणा दिल्लीपासून सुरू होते आणि केंद्रप्रमुखांमार्फत अखेर त्यांच्याच टेबलावर येऊन थांबते. दोन वर्ग एकत्र, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती. त्यांची घाई खरी आहे.

तरीही क्रम त्यांनी उलटा लावलाय. ज्या घरात पुस्तकं असतात तिथलं मूल शाळेत येण्याआधी तीन-चार वर्षं मांडीवर बसून गोष्टी ऐकतं. पुस्तक उघडलं की आत काहीतरी भारी असतं, हे त्याला अक्षर येण्याच्या कितीतरी आधी माहीत असतं. तुझ्या सत्तावीस जणांपैकी कितींना हे मिळालं असेल? ज्याने एकही पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, त्याने क-मल-कमल असं दमत दमत का वाचावं? शेवटी मिळणार काय, तर कमल! म्हणून या मुलांसाठी गोष्ट ऐकणं आणि अक्षर ओळखणं बरोबरच चालायला हवं. आधी हे मग ते, एवढी सवड त्यांच्याकडे नाही.

आणि हे सांगायला तुला कायद्याचा, कागदाचा आधार हवा असेल तर तोही आहे. एनसीईआरटी या केंद्रीय शिक्षणसंस्थेने २०१७ मध्ये ज्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यावं याच्या अपेक्षा, काढल्या, त्यात पहिली-दुसरीच्या भाषेसाठी असंही आहे की मूल गोष्ट, कविता लक्ष देऊन ऐकतं आणि त्याबद्दल आपल्या भाषेत सांगतं. आपल्या भाषेत. 'मनी बकरी बी अशीच शे' म्हणजे आणखी काय? त्या तासाला वर्गात निष्पत्ती साध्य केली एका मुलाने, आणि तोच तेवढा खाली बसवला गेला. त्याला अजून 'नंतर' मिळालं नसेल, तर उद्या जाऊन विचार, बकरीचं काय म्हणत होतास. आठवडा उलटला असला तरी तो सांगेल. बकरी घरीच आहे त्याच्या.

अहिराणीचं थोडं वेगळं बोलायला हवं. काही पालक तुला सांगतील, 'मॅडम, आमनी भाषा आम्हले येस, तुम्ही मराठी शिकाडा.' त्यांचं चूक नाही. पोरांनी पुढे जावं, एवढंच त्यांना हवंय. पुस्तक जसं आहे तसं मराठीत वाच. बोलणं मात्र ज्या भाषेत येईल त्या भाषेत येऊ दे. मुलाने अहिराणीत काही सांगितलं तर 'शुद्ध बोल' म्हणू नकोस. तू त्याच आशयाचं मराठी वाक्य सहज बोलून पुढे जा. दोन्ही भाषा त्याच्या कानावर पडतात आणि कुणाचा अपमान होत नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांच्या सोबतीने कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेही मुलांच्या परिसरातल्या वस्तू आणि जगणं हाताशी धरूनच. आपल्याकडे ही वाट कधीचीच पाडलेली आहे, वापरात मात्र कमी आहे.

पाठ्यपुस्तक आणि बालसाहित्य यांची तू लावलेली झुंज मला पटत नाही. भाषेच्या पाठ्यपुस्तकात कविता, गोष्टी असतातच. त्या कुणा ना कुणा लेखकाच्या असतात, पानांच्या हिशोबाने आखडलेल्या असतात एवढंच. ज्या बालभारतीने ही पुस्तकं काढली, तीच १९७१ पासून 'किशोर' मासिक काढते आहे. म्हणजे दोन्ही एका घरात नांदतात. शिवाय तुझ्या वर्गातल्या कित्येक घरांत पाठ्यपुस्तक हेच एकमेव पुस्तक असेल. मुलांसमोर त्याला नावं ठेवू नकोस. उलट धड्यात कोंबडी आली, तर त्याच आठवड्यात कोंबडीचं एक पूर्ण पुस्तक वाचून दाखव. मुलं आपणहून म्हणतात, 'ही आपल्या पुस्तकातली न्हाय, दुसरी शे.'

तर करायचं काय? मी तुझ्या जागी असते तर आधी मूल्यमापनाचा पाठ आणि गोष्टीचा वेळ वेगळे केले असते. सराव पाठाला पाठ्यपुस्तकातला धडा घे आणि तो नीट, रीतसर घे. त्या कौशल्यालाही किंमत आहे. गोष्टीसाठी दिवसाकाठी पंधरा मिनिटं वेगळी माग. पोषण आहारानंतरचा वेळ बहुतेक शिक्षक आनंदाने देतात, कारण तेव्हा पोरं सुस्तावलेली असतात आणि कुणालाच शिकवायचा हुरूप नसतो. रोज तीच वेळ ठेव. फळा नको, शब्दपट्ट्या नकोत, पुठ्ठ्याची बकरीही घरी राहू दे. चित्रकाराने पुस्तकात बकरी काढून ठेवलेली आहे.

वाचून दाखवण्याचं तंत्र अध्यापक विद्यालयात फारसं कुणी शिकवत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. आदल्या रात्री पुस्तक मोठ्याने वाच, एकदा नव्हे, जीभ अडखळायची थांबेपर्यंत. मुलांना रांगेत न बसवता तुझ्याभोवती अर्धवर्तुळात जमिनीवर बसव आणि तूही खालीच किंवा बुटक्या स्टुलावर बस. खिडकी तुझ्या पाठीशी नको, नाहीतर मुलांना पुस्तकाची काळी पाठ तेवढी दिसते. उजेड त्यांच्या मागून पानावर पडू दे. पुस्तक खांद्याजवळ, चेहऱ्याच्या उंचीला धर, पानं मुलांकडे. म्हणजे तुला कडेने वाचता येतं आणि त्यांना चित्रं आणि तुझा चेहरा दोन्ही दिसतात. सत्तावीस मुलांना चित्रं दिसत नाहीत, ही तक्रार खरी आहे. दोन गट कर. एक गट वाळूत किंवा पाटीवर काही करत असताना दुसऱ्याला वाच, उद्या उलट. एकच पुस्तक दोनदा वाचावं लागेल. हरकत नाही, पहिल्या गटातली निम्मी पोरं दुसऱ्यांदाही येऊन चिकटतात.

मुखपृष्ठावर थांब. नाव वाच, लेखकाचं वाच, चित्रकाराचंही वाच. पुस्तकं माणसं लिहितात आणि माणसंच त्यात चित्रं काढतात, हे मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. मग पान उलट आणि लगेच वाचू नकोस. आधी त्यांना बघू दे. चित्रकथेत खरी गंमत पान उलटण्यात असते. समज, एका पानावर दावं तुटलेलं आहे, खुंटा मोकळा आहे आणि पानाच्या अगदी कडेला बकरीचं शेपूट तेवढं दिसतंय. मजकुरात लिहिलंय, 'सखूने पाहिलं, तर बकरी जागेवर नव्हती.' तू घाईने वाचून पान उलटलंस तर संपलं. तू वाचून नुसती थांबलीस, हात पानाच्या कोपऱ्यावर ठेवून, तर तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी ते शेपूट पाहतं. सखूला दिसलं नाही, आपल्याला दिसलं! या एका क्षणासाठी चित्रकाराने ती कडा राखून ठेवलेली असते. तिथे 'मुलांनो, दावं म्हणजे काय?' हा प्रश्न घुसवलास तर शेपूट गेलंच म्हणून समज. आणि दावं म्हणजे काय, हे त्या पोरांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मजकूर आहे तसा वाच. मधे मधे 'म्हणजे काय, तर' करून सोपा करत बसू नकोस. एखादा शब्द अडला तरी गोष्ट पुढे जाते, आणि अर्थ तीन पानांनी आपोआप लागतो. आवाज चढव-उतरव, पण नकला करून दाखवायचा अट्टहास नको. मुलं मग पुस्तक सोडून तुझ्याकडे बघतात. गोष्ट संपली की पुस्तक मिट आणि काही क्षण गप्प बस. शिक्षक होऊ घातलेल्या माणसाला हे सर्वांत अवघड जातं. बहुतेकदा पहिलं वाक्य मुलांकडूनच येतं आणि तिथून बोलणं सुरू होतं. नाहीच आलं, तर एखादा प्रश्न विचार, पण ज्याचं उत्तर तुलाही माहीत नाही असा. 'कोणतं पान परत बघायचं?' हा माझा आवडता आहे. 'तुझी बकरी सुटली असती तर तू आधी कुठे शोधली असतीस?' हाही चालेल. 'गोष्ट कशी वाटली?' विचारू नकोस. 'छाऽऽन' असं उत्तर येतं आणि तेही एका सुरातच. काही दिवशी काहीच विचारू नकोस. परत वाचा म्हणाले तर परत वाच.

हे पहिल्या दिवशी जमेल, असं समजू नकोस. गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' तू वाचलं नसशील तर आंतरवासिता संपायच्या आत वाच; मूळ गुजराती, मराठीतही मिळतं. त्यातला शिक्षक अधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो, मोठी तयारी करून जातो, शांततेचा खेळ घेतो आणि पहिल्याच दिवशी पोरं त्याचा पार बोजवारा उडवतात. मग तो गोष्टीकडे वळतो. पुढचं सांगत नाही. तिथेही सहकारी शिक्षक विचारतात की शिकवणार कधी, आणि तिथेही परीक्षा आ वासून उभी असते. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गुजराती शाळेत तुला तुझे वर्गशिक्षक भेटतील.

पुस्तकं निवडण्याबद्दल एकच गोष्ट खटकली म्हणून लिहिते. तू पत्रात आवडत्या पुस्तकांची यादी दिलीस, ती सगळी तुझ्या लहानपणची आहेत. आपल्याला जे आवडलं ते या मुलांना आवडेल, असं धरून चालू नकोस. गेल्या पाच-दहा वर्षांत मराठीत मुलांसाठी काय आलंय ते बघ. वाचताना दोन गोष्टींवर नजर ठेव. गोष्टीतलं घर कुणाचं आहे? आजोबा आरामखुर्चीत पेपर वाचतायत, आई ओट्यापाशी आणि बाबा ऑफिसात, अशा घरांच्या गोष्टी ढिगाने आहेत. कापूस वेचायला गेलेली आई, दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेलं कुटुंब शोधावं लागतं. दुसरं, जुन्या गोष्टींत वाईट बाई काळी, राजकन्या गोरीपान आणि सावत्र आई दुष्ट का असते, हे मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. वर्गातल्या सावळ्या मुलीच्या मात्र येतं. अशी गोष्ट टाळता येत नसेल तर वाचून त्यावर मुलांशी बोल; टाळता येत असेल तर सरळ टाळ, चांगल्या गोष्टींचा दुष्काळ नाही.

आजी वारण्याच्या गोष्टीचं म्हणशील, तर वाच. गावाकडच्या मुलांनी मरण पाहिलेलं असतं. अंगणात, बहुधा तुझ्याहून जवळून. त्यांना त्याबद्दल बोलू दिलेलं नसतं, इतकंच. 'मुलांना असलं रडकं नको' म्हणणाऱ्यांच्याच घरात 'श्यामची आई' असतं आणि ते १९३५ पासून महाराष्ट्राला रडवत आलं आहे. पण वाचण्याआधी वर्गशिक्षकांना विचार, अलीकडे कुणाच्या घरी काही घडलंय का. घडलं असेल तर ते पुस्तक महिना-दोन महिने थांबू शकतं. वाचून झाल्यावर कुणी रडलं तर पाठीवर हात ठेव, पाणी दे. समुपदेशन करायला जाऊ नकोस. आणि पहिल्या आठवड्यात तर नकोच. आधी मुलांना तुझी आणि गोष्टीच्या वेळेची सवय होऊ दे.

मार्गदर्शकांना गोष्टीचाच पाठ दाखवायचा असेल तर टाचणातलं उद्दिष्ट बदल. 'मुलांना प्रामाणिकपणाचे महत्त्व समजते' हे कुणालाच तपासता येत नाही. 'चित्र पाहून पुढे काय होईल याचा अंदाज सांगतात', 'ऐकलेल्या गोष्टीशी स्वतःचा अनुभव जोडून आपल्या भाषेत बोलतात' हे समोर बसून दिसतं, निष्पत्तींशी जुळतं आणि रकान्यातही बसतं. पाठाआधी पाच मिनिटं त्यांच्याशी बोल की आज मूल्य विचारणार नाही, मुलांचं बोलणं टिपणार आहे. तुम्हीही टिपाल का? मागे बसलेल्या माणसाला काम मिळालं की तो खुलतो. नाहीच पटलं त्यांना, तर एवढ्यासाठी गुण घालवून घेऊ नकोस. पुढे तीस वर्षं वर्ग तुझाच असणार आहे.

कपाटाचं कुलूप हा मात्र टाळायचा विषय नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला वाचनालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची आणि गोष्टींचीसुद्धा पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेत शाळेच्या प्रकाराप्रमाणे पाच ते वीस हजारांपर्यंत वार्षिक वाचनालय अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे पुस्तकं बहुधा आहेत. ती १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, बाहेर येतात, मुलांच्या हातात देऊन फोटो निघतो आणि परत आत जातात. यात दुष्टपणा कुणाचा नसतो, भीती असते. साठा नोंदवहीत पुस्तक चढलेलं आहे. फाटलं, हरवलं तर तपासणीला उत्तर कुणी द्यायचं? म्हणून कायद्याचं कलम घेऊन भांडायला जाऊ नकोस. दहा पुस्तकं पंधरा दिवसांसाठी तुझ्या सहीने माग. पुठ्ठ्याच्या खोक्यात, मुखपृष्ठं समोर दिसतील अशी उभी ठेव. फाटलेलं चिकटवायचं काम दुसरीच्या दोन मुलांना दे, ती कुणालाही पान ओढू देत नाहीत. पंधरा दिवसांनी दहाच्या दहा परत कर आणि पुढची दहा घे. एकदा हिशोब चोख दिसला की कुलपाचा धाक कमी होतो.

कपाटात काहीच धड निघालं नाही, तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठीत भरपूर चित्रकथा फुकट आहेत, मुक्त परवान्याखाली. डाउनलोड करून छापता येतात, भाषांतरही करता येतं. एखादी छोटी गोष्ट मुलांच्या आयांना विचारून अहिराणीत करून बघ. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बालपुस्तकालयातली पुस्तकं खिशाला परवडतात. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन खुले केले आहेत, त्यात तिसरी-चौथीला वाचून दाखवण्यासारखं बरंच सापडेल. मोबाइलच्या पडद्यावर सत्तावीस मुलांना गोष्ट दाखवू नकोस. रंगीत छपाई महाग पडली तर काळी-पांढरी काढ, मुलं रंगवतील.

राहता राहिला शिष्यवृत्तीचा प्रश्न. त्या पैशातून वर्गासाठी पुस्तकं घेऊ नकोस. सरकारने करायचं काम वीस-बावीस वर्षांच्या मुलीने स्वतःच्या पोटाला चिमटा काढून करावं, हे मला मुळीच मान्य नाही, आणि एकदा तू केलंस की पुढच्या छात्राध्यापिकेकडूनही तेच मागतील. दोन-तीन पुस्तकं मात्र तुझी म्हणून घे, ज्यांच्यावर तू तुझं नाव घालशील आणि नोकरी लागेल त्या गावाला सोबत नेशील. बाकीची कपाटातून काढ. किल्ली सोमवारी परिपाठ झाला की लगेच माग. दुपारी मुख्याध्यापक केंद्रावरच्या बैठकीला गेलेले असतात.